टॅबला नेट लागू देऊ नका

कारखान्यात तिला सगळे पट्टीवाली म्हणायचे. शिक्षण नर्सिंगचं होतं आणि दारावर 'प्रथमोपचार कक्ष' असं ठळक लिहिलेलं होतं, पण बोटातून रक्त गळत असताना एवढं लांबलचक नाव घ्यायला कुणाला सवड असते? "पट्टीवालीकडे न्या रे याला," एवढं ओरडून माणसं मोकळी व्हायची.

नोकरी तिला दादाने लावली होती. दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ, पत्रा दाबून भाग काढतात त्या प्रेस शॉपचा फोरमन. वडील लवकर गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि तो सतरा. तिच्या वेण्या घालण्यापासून तिच्या लग्नात जावयाची गाडी धुण्यापर्यंत सगळं त्यानेच केलं होतं. ती कामावर रुजू झाली त्या दिवशी तो तिला हाताला धरून तळघरात घेऊन गेला आणि म्हणाला, "ही तुझी खोली. वर काही फुटलं-तुटलं तर खाली तू."

खोली प्रेस शॉपच्या बरोबर खाली होती. डोक्यावर चौदा मशिनी चालायच्या. पत्र्यावर साचा आदळला की इथे ट्रेमधल्या कात्र्या नाचायच्या. जिना अठरा पायऱ्यांचा. चारही बाजूंना काँक्रीट आणि लोखंड असल्यामुळे मोबाइलला रेंज नाही आणि ऑफिसचं वायफायही जिन्याच्या वरच्या पायरीवरच संपायचं.

मालकाने तिला एक रजिस्टर दिलं होतं. त्यात 'किरकोळ दुखापत' एवढंच लिहायचं असा रिवाज होता. ते ती लिहायची. पण तिची खरी वही फोनमध्ये होती. तारीख, मशीन नंबर, कुठला हात, कुठलं बोट, टाके किती, कुठलं औषध चालत नाही, फोटो, आणि शेवटी एक ओळ: कुणाला सांगितलं, तो काय म्हणाला. त्याच फाइली स्ट्रेचरजवळ भिंतीला अडकवलेल्या जुन्या टॅबमध्येही दिसायच्या आणि नवऱ्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरही. नवरा मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. हे सगळं जोडून त्यानेच दिलं होतं.

आदल्या वर्षी एक जोडारी, म्हणजे फिटर, अंगठा चेचून खाली आला. वेदनेने लोळत होता. त्याला कुठलंतरी इंजेक्शन चालत नाही हे तिला आठवत होतं, पण कुठलं ते आठवेना. टॅब उघडला. यादीत जोडाऱ्याचं नाव होतं. नावावर बोट ठेवलं तर नुसतं चाक गरगर फिरत राहिलं. रेंजसाठी जिना चढून जावं तर माणूस एकटा सोडावा लागणार. तिने अंदाजाने इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांत त्याचे ओठ सुजले, घसा बंद व्हायला लागला. तो वाचला, पण जेमतेम वाचला. संध्याकाळी ती दुकानात जाऊन नवऱ्यावर बरसली.

"नाव दिसत होतं की! मग उघडली का नाही?"

"दारावर नावाची पाटी असली म्हणजे माणूस घरात असतो का?" नवरा म्हणाला. "नाव तेवढं टॅबमध्ये आहे. फाइल लांब कुठेतरी, नेटवर. मागितली की येते. नेट नाही तर कुठून येणार?"

मग त्या रविवारी दोघं बसले. फोन, टॅब आणि कॉम्प्युटर, तिन्हींत एकेक फोल्डर दाबून धरून 'ऑफलाइन ठेवा' करत गेले. फोटोच हजारावर होते. प्रत्येक फाइलपुढच्या ढगाच्या चित्राच्या जागी बरोबरची खूण यायला दुपार गेली. तिला वाटलं झालं. नवऱ्याने नेटचा डबाच बंद केला आणि म्हणाला, "आता उघड एकेक. सगळ्या." सात फाइली उघडल्या नाहीत. त्या पुन्हा उतरवल्या. पुन्हा डबा बंद, पुन्हा परीक्षा.

उठताना तो म्हणाला, "एक लक्षात ठेव. एका ठिकाणी पुसलंस तर सगळीकडे पुसलं जातं. पुसल्याचा निरोप नेटवरून जातो. ज्या यंत्रापर्यंत तो निरोप पोचला नाही, त्यात तेवढं शिल्लक राहतं. पण नेट लागलं की तेही गेलं."

तेव्हापासून दर शनिवारी टॅब घरी नेऊन ती नव्या नोंदीही अशाच उतरवून घ्यायची. त्यानंतर उन्हाळ्यात चार नंबरच्या मशीनने खायला सुरुवात केली.

त्या मशीनला पुढे एक सेन्सर होता. हात आत असेल तर साचा खाली येत नसे. पण सेन्सर जुना झाला होता, हात नसतानाही मशीन अडायची. तासाला शंभर नग कमी निघायचे. एक दिवस दादाने मागचं झाकण उघडलं, एक तार आडवी टाकली आणि सेन्सर आंधळा करून टाकला. आठवडाभरात एका कामगाराच्या उजव्या हाताचं करंगळीसकट दीड बोट गेलं. टाके घालून झाल्यावर तो स्वतःच म्हणाला, "आता मला वेळ विचारू नका, माझे कायम साडेतीनच वाजलेले." तेव्हापासून त्याचं नाव साडेतीन पडलं.

पट्टीवालीने वर जाऊन झाकणाआडचा फोटो काढला. ती काढत असतानाच दादा तार घट्ट करायला वाकला होता, त्यामुळे फोटोत त्याचा हातही आला.

"दादा, ही तार काढ."

"मालक म्हणतात, महिनाअखेरपर्यंत चालवा. माल अडकलाय."

"आणि हात अडकला तर?"

"तू आहेस ना खाली."

तिने तेही लिहिलं. तारखेसकट, 'मालक म्हणतात' या शब्दांसकट. महिनाअखेर आली आणि गेली. तार तशीच राहिली. चार नंबरच्या खाली तिच्या वहीत अकरा नोंदी झाल्या.

बारावी नोंद मंगळवारी सकाळी दहा वाजता आली.

चार नंबरवर चष्मेवाली होती. चाळिशीची बाई, जाड भिंगांचा चष्मा, दोन मुलींची आई, आणि शॉपमध्ये सगळ्यांत झपाट्याने काम करणारी. तिरका बसलेला पत्रा सरळ करायला तिने दोन्ही हात आत घातले आणि साचा खाली आला. कोपरांच्या वरपर्यंत दोन्ही हात गेले. साचा वर उचलायला अकरा मिनिटं लागली. तेवढा वेळ ती उभी होती, मशिनीला टेकून, शुद्धीवर. पट्टीवाली स्ट्रेचर घेऊन वर पोचली तेव्हा ती म्हणत होती, "माझा चष्मा बघा कुणीतरी, पायाखाली येईल."

हात सुटले तेव्हा हात असं काही उरलेलं नव्हतं. पट्टीवालीने दंडांना आवळपट्ट्या बांधल्या, पण मांसाचा नुसता लगदा झाला होता, पट्टी धरेना. स्ट्रेचर खाली आणला. रुग्णवाहिका यायला पंचवीस मिनिटं लागली. बाई सतराव्या मिनिटाला गेली. पट्टीवालीच्या दोन्ही हातांवर, कपड्यांवर, फोनवर तिचं रक्त होतं.

माणूस मेला म्हणजे सरकारी तपासणी आलीच. मालकाने शॉप थांबवलं, कामगारांना अंगणात बसवलं. तपासणीच्या बाई दोन वाजता येणार असा निरोप आला. दीडला दादा जिना उतरून खाली आला. त्याच्याबरोबर गेटवरचे दोन रखवालदार होते, एक उंच आणि एक बुटका. उंचाने आत येऊन दार लावून घेतलं.

"फोन दे," दादा म्हणाला.

"कशाला?"

"तुला माहीत आहे कशाला. तार मी काढलीय. सेन्सर आता चालतोय. बाईने घाईत हात घातले, एवढंच घडलं. तुझ्या त्या नोंदी नसल्या तर एवढंच घडलं."

"आणि आधीचे अकरा?"

"रजिस्टरमध्ये 'किरकोळ' लिहिलंय. तूच लिहिलंयस." तो तिच्यासमोर स्टुलावर बसला. आवाज खाली आला. "मला जेलात टाकशील? वडील गेले तेव्हा तुझ्या शाळेच्या दाराशी कोण उभं राहायचं? आईला काय सांगशील?"

तिचे डोळे भरून आले. क्षणभर तिला खरंच वाटलं, देऊन टाकावा. मग स्ट्रेचरकडे लक्ष गेलं. चादर अजून बदललेली नव्हती.

"मुली आहेत तिला दोन, दादा," ती म्हणाली. "त्यांना काय सांगू? आईनेच हात घातले म्हणून?"

दादा उठला. पहिली थप्पड तिच्या कानशिलावर बसली आणि ती औषधांच्या कपाटावर आदळली. काचा फुटल्या. तिने फोन उजव्या हातात गच्च धरून पाठीमागे नेला. दादाने तो हात पकडला आणि पिरगाळला. लहानपणी खेळताना पिरगाळायचा, ती 'सोड' म्हणाली की सोडायचा. ती 'सोड' म्हणाली. त्याने आणखी पिरगाळला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज खोलीतल्या चौघांनीही ऐकला. बुटक्याने तोंड फिरवलं.

ती खाली पडली. दादाने तिच्या छातीवर गुडघा ठेवला आणि मोडलेल्या हाताचा अंगठा फोनवर दाबला. फोन उघडेना. अंगठ्यावर रक्त वाळलेलं होतं. त्याने खिशातून रुमाल काढला, थुंकी लावून तिचा अंगठा पुसला, पुन्हा दाबला. ती किंचाळली. या वेळी फोन उघडला.

"साहेब, हा टॅब?" बुटक्याने भिंतीकडे बोट दाखवलं.

"राहू दे. त्यात तेच असतं. फोनमध्ये पुसलं की त्यातलंही जातं, मी हिच्या घरी बघितलंय. आणि स्ट्रेचरजवळची एकही वस्तू हलवायची नाही. बाई बघायला येतायत."

दादा अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला होता. निरोप नेटवरून जातो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तिघं वर गेले. बाहेरून कडी लागली. वर अंगणात रेंजमध्ये उभं राहून दादाने सगळी वही पुसली, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, आणि फोन दगडावर ठेवून बुटाच्या टाचेने फोडला. त्याच वेळी दुकानात नवऱ्याच्या कॉम्प्युटरवरच्या फाइली त्याच्या डोळ्यांदेखत एकामागून एक नाहीशा झाल्या. त्याने धावत जाऊन केबल उपटली तोवर फोल्डर रिकामा होता. त्याने बायकोला फोन लावला. लागला नाही.

तळघरात ती काचांमध्ये पडून होती. कानात घंटा वाजत होत्या. हात कोपरापासून खाली दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा लोंबत होता. आणि भिंतीवर टॅबचा छोटा हिरवा दिवा लागलेला होता.

कडी वाजली. साडेतीन आत आला. दादा रुमालाने हात पुसत वर आलेला त्याने अंगणातून बघितलं होतं आणि मागच्या बाजूने तो खाली उतरला होता. तिची अवस्था पाहून त्याने एक कचकचीत शिवी घातली.

"तपासणीच्या बाई आल्यात वर," तो म्हणाला. "मशिनीपाशी उभ्या आहेत. मालक गोड बोलतोय. काय न्यायचंय ते सांग, मी नेतो."

"टॅब."

त्याने टॅब भिंतीवरून ओरबाडून काढला आणि तो दाराकडे वळला.

"थांब! वर नेऊ नकोस!" ती एवढ्या जोरात ओरडली की तो दचकला. "वर वायफाय आहे. नेट लागलं की सगळं पुसलं जाईल. आधी फ्लाइट मोड कर. विमानाचं चित्र."

त्याने पडद्यावर बोट फिरवलं. उजव्या हाताच्या उरलेल्या, घट्टे पडलेल्या बोटांना पडदा दाद देईना. डाव्याने फिरवलं तर भलतंच काहीतरी उघडलं. "मला नाही जमत, बाई, तूच कर." त्याने टॅब तिच्यापुढे धरला. तिच्या डाव्या हातावर रक्त आणि औषध होतं, काच नुसती ओली होत होती. शेवटी तिने मान वाकवली आणि नाकाच्या शेंड्याने विमानाचं चित्र दाबलं. चित्र निळं झालं.

आणि दारात उंच रखवालदार उभा होता. त्याच्या हातात गेटची लोखंडी कांब होती.

पहिला फटका साडेतीनच्या खांद्यावर बसला. तो भिंतीवर गेला, पण पडला नाही. त्याने स्टीलचा ट्रे उचलला आणि कात्र्यांसकट उंचाच्या तोंडावर मारला. उंचाच्या भुवईतून रक्ताची धार लागली. त्याने आंधळेपणाने कांब फिरवली. ती साडेतीनच्या गुडघ्यावर बसली आणि गुडघा उलट्या बाजूला वाकला. साडेतीन बसला, पण बसल्या बसल्या त्याने उंचाची पोटरी दातांनी धरली. उंचाने त्याच्या पाठीत दोनदा कांब घातली तेव्हा कुठे दात सुटले.

पट्टीवालीने टॅब जमिनीवर ठेवला आणि ती त्याच्यावर पालथी झाली. उंचाने तिच्या बरगडीत लाथ घातली. मग दुसरी. केसांना धरून तो तिला उचलू लागला. ती उठेना. तिने तोंड उघडलं आणि होता नव्हता तेवढा सगळा आवाज बाहेर काढला.

एरवी त्या खोलीत कुणी मरेस्तोवर ओरडलं असतं तरी वर ऐकू गेलं नसतं. पण आज चौदाही मशिनी बंद होत्या. तो आवाज जिन्यातून सरळ वर गेला.

सगळ्यांत आधी खाली आल्या त्या तपासणीच्या बाई. पन्नाशीच्या, बुटक्या, पायात जाड सोलचे बूट. त्यांच्या मागे मालक, त्याच्यामागे दादा, त्याच्यामागे अंगणातले कामगार. बाईंनी एकदा खोलीकडे पाहिलं आणि उंचाला म्हणाल्या, "कांब खाली." त्याने खाली ठेवली. कामगारांनी त्याला घेरलं आणि पुढची दोन-तीन मिनिटं त्याच्या वाट्याला जे आलं ते बाईंनी थांबवलं नाही असं नाही, पण जरा उशिरा थांबवलं.

"काय आहे पोटाखाली?" बाईंनी विचारलं.

"वही. सगळे अपघात." तिच्या ओठांतून शब्द नीट फुटत नव्हते. "टॅबला नेट लागू देऊ नका. इथेच बघा. वर नेला आणि नेट लागलं तर सगळं जाईल."

बाईंनी 'का' विचारलं नाही. स्टूल ओढलं, बसल्या, आणि वाचायला लागल्या. रुग्णवाहिका दुसऱ्यांदा यायची होती. तेवढ्यात त्यांनी आपल्या लॅपटॉपला केबल लावून सगळ्या फाइली उतरवून घेतल्या, एकदा नाही, दोनदा, आणि दोन्ही प्रती उघडून पाहिल्या. तारेचा फोटो आला तेव्हा त्यांनी पडदा सगळ्यांकडे वळवला.

"हा हात कुणाचा?"

मालक म्हणाला, "असेल कुणातरी कामगाराचा. मला कल्पना नाही."

कामगार सगळे पट्टीवालीकडे बघत होते. दादा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला होता.

"माझ्या भावाचा," ती म्हणाली. "खाली वाचा. मालकांनी काय सांगितलं तेही आहे."

खटल्याच्या पहिल्याच दिवशी मालकाने सगळं फोरमनवर ढकललं. पण 'मालक म्हणतात' ही ओळ वहीत अकरापैकी सहा ठिकाणी होती. शेवटी दादाने स्वतःच तोंड उघडलं आणि उरलेलं सांगितलं. मालकाला सात वर्षांची शिक्षा झाली, दादाला चार. त्यातलं एक वर्ष बहिणीच्या मनगटाचं. उंच सुटला नाही, पण बुटक्याने खरी साक्ष दिली म्हणून त्याला सोडलं. साडेतीन आता कुबडी घेऊन चालतो. चष्मेवालीच्या मुलींना वर्षभराने भरपाईचा निकाल मिळाला. थोरलीने पट्टीवालीला एकच विचारलं होतं, आई शेवटी काय म्हणाली. पट्टीवालीने चष्म्याचं सांगितलं. दोघी बहिणी रडता रडता हसल्या. "घरातही तेच म्हणायची," धाकटी म्हणाली.

आईने मात्र पुढे लेकीचं तोंड बघितलं नाही. साक्षीच्या आदल्या दिवशी ती दारात येऊन म्हणाली होती, "तुझा हात मोडला, बरा होईल. त्याचा जन्म मोडशील, तो बरा होणार नाही. रक्ताच्या नात्यात कोर्ट आणतेस?"

"आई, त्याने रक्त बघितलं नाही. मी धुतलं." ती म्हणाली. नवऱ्याने दार लावलं आणि ती दाराला पाठ टेकून कितीतरी वेळ बसून राहिली.

हात बरा झाला नाही. तीन ऑपरेशनं झाली. बोटं हलतात, पण मनगट वळत नाही. सुई धरता येत नाही म्हणून नर्सचं काम सुटलं. आता तपासणी कार्यालय तिला वेगवेगळ्या कारखान्यांत पाठवतं. तिथल्या पट्टीवाल्यांना ती वही कशी ठेवायची ते शिकवते, नेट बंद करून प्रत्येक फाइल उघडायला लावते, आणि कंटाळलेल्या बायका तिच्या नावाने बोटं मोडतात.

दीड वर्षाने ती जेलमध्ये गेली. नवरा बाहेर थांबला. दादा वाळला होता, दाढी पांढरी झाली होती. जाळीच्या पलीकडे बसून तो बराच वेळ तिच्या मांडीवरच्या हाताकडे बघत राहिला.

"दुखतो?" त्याने विचारलं.

"थंडीत."

"मी तेव्हा..." तो थांबला. "तू 'सोड' म्हणालीस ते मला ऐकू आलं होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

वेळ संपल्याचं पहारेकऱ्याने सांगितलं तेव्हा दादा उठला आणि म्हणाला, "आईला सांग, मी नीट जेवतो."

"मी तिच्याशी बोलत नाही. ती माझ्याशी बोलत नाही."

"मग तू ऐकून ठेव," तो म्हणाला आणि पाठ फिरवून आत गेला.